रांग धरा, फायेझच्या लेकीचं लग्न आहे

फायेझ मला पहिल्यांदा भेटला तो माझ्यावर ओरडतानाच.

२०१५ सालची गोष्ट. आयर्लंडमधल्या एनिसला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. माझा नवरा संग्राम इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तो आपला चालत कामावर जायचा. माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मात्र शॅननला, आणि शॅननची बस म्हणजे आली तर आली. गाडी शिकणं भाग होतं. मी पुण्यात ऐन गणपतीत लक्ष्मी रोडवरून स्कूटी काढलेली बाई, मला आयर्लंडचे रस्ते काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी फायेझच्या गाडीत बसले आणि पहिल्याच राउंडअबाउटला हॉर्न वाजवत घुसले.

"हॉर्न कशाला वाजवलास?" तो ओरडला.

"मी येतेय हे कळायला नको का?"

"त्यांना डोळे आहेत! डावीकडे घे. बार्क. बार्क!"

बार्क म्हणजे भुंकणं. आता मी गाडीत बसून भुंकू की काय, या विचारात मी पुढचे दोन कोपरे तशीच गेले. मग लक्षात आलं, हा पार्क म्हणतोय. तीस वर्षं इथल्या क्लेअर जिल्ह्यात काढून फायेझची इंग्रजी इथल्या शेतकऱ्यांसारखी झाली होती. प्रत्येक वाक्यात 'ग्रँड', म्हणजे झकास, पुढच्या गाडीतल्या प्रत्येक माणसाला 'युअर मॅन'. पण अरबीत 'प' नाही, तो काही त्याच्या तोंडात शेवटपर्यंत बसला नाही. आमचा 'भ'ही बसला नाही, त्यामुळे मी शुभदाची 'शुबदा' झाले ती कायमची. वयाने तो काकाच लागत होता, पण रोज इतक्या शिव्या देणाऱ्या माणसाला 'अहो' म्हणवत नाही. मी सरळ 'अरे फायेझ' वर आले आणि त्यालाही ते बरंच वाटलं असावं.

ठेंगणा, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस. बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी. गाडीच्या टपावर पिवळी पाटी आणि दाराच्या कप्प्यात खारवलेल्या बियांची पुडी. एनिस-शॅननमधल्या निम्म्या मराठी मंडळींनी त्याच्याकडून लायसन्स काढलं आहे. कोणी पास झालं की टेस्ट सेंटरच्या बाहेर तो गाडीतून उतरायचा, त्या माणसाचा हात धरायचा आणि तिथल्या तिथे पाय आपटून नाचायचा. येणारे-जाणारे बघत राहायचे. त्याला काही घेणंदेणं नसे.

मी दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा मलाही त्याने असंच नाचवलं. ठणठण पाय वाजत होते, पण मधेच एकदा त्याचा डावा पाय वर गेला आणि अगदी अलगद खाली आला. आवाजच नाही.

"चुकलास," मी म्हटलं. टेस्टिंग करणाऱ्या बाईला चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही.

"चुकलो नाही. ते आमच्या गावचं आहे."

मग बॉनेटला टेकून त्याने मला गावाबद्दल सांगितलं. गावाचं नाव ऐन अल-तूत, म्हणजे तुतीचा झरा. पॅलेस्टाइनमधलं डोंगरातलं गाव. १९४८ साली माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं, मागे घरं पाडली गेली, आज नकाशात शोधायला गेलं तर नाव सापडत नाही. फायेझने ते गाव पाहिलेलंच नाही. त्याचा बाप लेबनॉनमध्ये सूर शहराजवळच्या निर्वासित छावणीत वाढला आणि फायेझ त्या छावणीतच जन्मला. शांतिसेनेतल्या आयरिश सैनिकांकडे पोरवयात कपडे धुता धुता इंग्रजी शिकला, तरुणपणी इकडे आला, नोरीन नावाच्या क्लेअरच्या मुलीशी लग्न केलं आणि एनिसचा झाला.

"छावणीत सगळ्या गावांचे लोक होते," तो म्हणाला. "लग्न असलं की दबके. रांगेत हात धरायचे आणि पाय आपटायचे. पण प्रत्येक गावाचा पाय वेगळा. म्हातारी माणसं डोळे मिटून सांगायची, हे अमक्या गावचे, ते तमक्या गावचे. लोकांना वाटतं आम्ही नाचतो. अगं, आम्ही हजेरी देतो. शाळेत मास्तर नाव घेतात तेव्हा 'हजर' म्हणतात ना, ते आम्ही पायाने म्हणतो."

मला ते फार आवडलं. घरी येऊन संग्रामला सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी लायसन्सचा फोटो दाखव." डॉक्टरांना कशाचं काही नसतं.

तीन वर्षांनी, २०१८च्या उन्हाळ्यात, फायेझच्या मुलीचं लग्न ठरलं. रीमा. एनिसमध्येच जन्मलेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका, सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन कमोगी हा इथला बायकांचा खेळ खेळणारी दणकट पोरगी. मुलगा डोनल, कोरोफिनच्या शेतकरी घरातला. फायेझच्या वडिलांनी मरायच्या आधी त्याच्याकडून एक शब्द घेतला होता. नातीचं लग्न होईल तेव्हा ऐन अल-तूतची रांग तिला आत घेऊन येईल. त्यासाठी छावणीतून फायेझचे चुलतभाऊ, पुतणे, भाचे येणार होते. त्यांच्या रंगीत तालमींचे व्हिडिओ त्याने मला कितीदा दाखवले असतील, गणतीच नाही.

आणि लग्न तोंडावर आल्यावर कळलं की कोणीच येणार नाही. छावणीतल्या माणसाला कुठल्याच देशाचा पासपोर्ट नसतो. कागद अडकले ते अडकलेच. फक्त एक म्हातारी आत्या येणार होती, ती जॉर्डनला असते आणि तिच्याकडे तिथला पासपोर्ट आहे.

फायेझ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहाला हात लावला नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली तेव्हा मी घाबरलेच, कारण टोपीशिवाय मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"रीमा म्हणते, डॅड, इट्स ग्रँड, आपण डीजे बोलवू," तो म्हणाला. "एकट्याने दबके होत नाही, शुबदा. एकटा नाचला की लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. रांग लागते. बापाला काय तोंड दाखवू?"

त्याचे डोळे भरले आणि माझं डोकं सटकलं. मला कोणाचे अश्रू बघवत नाहीत, लगेच राग येतो. "मग आम्ही काय मेलोय का?" मी म्हटलं. "अर्ध्या एनिसला तू गाडी शिकवलीस. आता नाच शिकव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्या राउंडअबाउटला पाहिलं होतं. पण नाही म्हणाला नाही.

त्याच दिवशी 'दबके दणका' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. आम्ही दोघं, माझी दहा वर्षांची मुलगी मुक्ता, लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यातून नुकताच शॅननला आलेला राजीव आणि त्याची बायको स्वप्नाली, हॉस्पिटलातल्या केरळच्या नि फिलिपिन्सच्या नर्स, एक पोलिश प्लंबर. सगळे त्याचे विद्यार्थी. सगळ्यांनी कधी ना कधी त्याच्या शिव्या खाल्लेल्या.

पहिल्या तालमीला कम्युनिटी हॉल मिळाला. छान लाकडी जमीन. फायेझ आतल्या खोलीत स्पीकरशी झटापट करत होता. तो बाहेर आला आणि दारातच थबकला. दाराशी बूट-चपलांची शिस्तीत लावलेली ओळ, आणि आम्ही सगळी मराठी माणसं अनवाणी उभी. स्वप्नाली कथक शिकलेली, तिने तर वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावला. तिचं बघून राजीवने लावला, राजीवचं बघून बिचाऱ्या प्लंबरने.

"हे काय?" फायेझ म्हणाला. "ही मशीद नाही!"

राजीव कोणालाही काहीही समजावून सांगायला तयार असतो. तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्यात नृत्य ही पूजा मानतात. चपला घालून नाचत नाहीत."

"बरं. नाचून दाखवा."

आम्ही जीव खाऊन पाय आपटले. सपक, सपक, सपक. कोणीतरी भाकऱ्या थापत असल्यासारखा आवाज आला. फायेझ भिंतीला धरून इतका हसला की खोकायला लागला.

"दबके या शब्दाचा अर्थच पाय आपटणं," डोळे पुसत तो म्हणाला. "तुमच्यात पूजा असेल, आमच्यात जमिनीशी भांडण आहे. बूट घाला सगळ्यांनी. टाच असलेले!"

मग शिकवणी सुरू झाली आणि ती थेट ड्रायव्हिंगची शिकवणी होती. "मिरर!" म्हणजे शेजाऱ्याकडे बघ. "क्लच हळू!" म्हणजे गुडघा झटक्याने सोडू नकोस. दिशा बदलताना खांदा आधी वळला नाही की "इंडिकेटर कुठाय?" राजीव शाळेत लेझीम खेळलेला, त्याचे पाय दर चार ठोक्यांनी आपोआप लेझमीत जायचे आणि कंबर खाली वाकायची. "युअर मॅन खाली काय शोधतोय?" फायेझ विचारायचा. घरी मुक्ता दिवसभर "यल्ला, आई, मिरर!" ओरडत फिरायची; यल्ला म्हणजे चला. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला क्लेअरच्या इंग्रजीत उत्तर देते आणि त्यात आता अरबी मिसळली.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आलेल्या होत्या. वासंतीबाई, लातूरकडच्या औशाच्या. नऊवारी लुगडं, त्यावर संग्रामचं जुनं जॅकेट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, अशा त्या एनिसभर हिंडायच्या. घरी एकट्या बसायच्या नाहीत म्हणून तालमीलाही यायच्या, पण खुर्ची सोडायच्या नाहीत. "माजं काय नाचायचं वय हाय व्हय?" हे ठरलेलं. एकदा बराच वेळ बघून त्या मला म्हणाल्या, "शुभे, ही मानसं माळवद तुडवायलेत का?"

माळवद म्हणजे मराठवाड्यातलं मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडं, वर माती. मला ते कोरड्या माहितीइतकंच ठाऊक. पण फायेझने विचारलं, आई काय म्हणाल्या, म्हणून मी भाषांतर करून सांगितलं. तो चालत आला आणि त्यांच्या खुर्चीसमोर फतकल मारून बसला.

"त्यांना कोणी सांगितलं?"

"काय?"

"दबके तिथूनच आलं, असं आमच्यात सांगतात. मातीची छपरं होती. पावसाळ्याआधी माती पसरायची आणि सगळ्या गल्लीने वर चढून ती पायाने दाबायची. मी इतक्या वर्षांत किती लोकांना हे समजावलं. सगळे 'लव्हली' म्हणतात. ह्यांनी न सांगता ओळखलं!"

आता आईंना कोण थांबवणार! "मिरगाच्या आदी सारी गल्ली वर यायची बगा. पांढरी माती टाकायची, पानी शिपडायचं आन् धराधर एकमेकाचे हात धरून तुडवायचं. गानी म्हनायची. ज्येचं घर त्येनं गूळ-शेंगा द्यायच्या." मी भाषांतर करता करता दमले. फायेझ प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. तेवढ्यात त्यांनी त्याच्या बिनआवाजाच्या पायाकडे बोट दाखवलं. "आन् ह्यो पाय हाणत न्हाई, तवा काठ आला असंल. काठाला जोरात पाय हाणला की मानूस जातंय की खाली."

मी तेही भाषांतर करून सांगितलं. काय अर्थ निघाला! छपराचा काठ! फायेझने आईंचा हात आपल्या कपाळाला लावला. पुढच्या तालमीपर्यंत राजीवने ही माहिती एनिस, शॅनन आणि लिक्सलिपला पुरावा मिळाल्यासारखी पोचवली होती. फायेझही नव्या माणसाला पाय शिकवताना "काठ आला, काठ!" असं ओरडू लागला.

लग्नाच्या आठवड्यात आत्या आल्या. त्यांचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. सगळे उम्म खलील म्हणायचे, म्हणजे खलीलची आई. आपल्याकडे बाळूची आई म्हणतात तसंच. सत्तरी ओलांडलेली, लहानखुरी, हसऱ्या डोळ्यांची बाई. ऐन अल-तूतमध्ये जन्मलेलं आणि ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं फायेझच्या घराण्यातलं एवढंच माणूस आता उरलं होतं. फायेझ त्यांच्यासमोर नाचायचं म्हणून तीन-तीनदा बूट पुसत होता. आपण एकोणिसाव्या वर्षी छावणी सोडली, आपल्याला पाय बरोबर आठवतो की नाही ही धाकधूक त्याला आधीपासूनच होती.

उम्म खलील आईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आम्ही रांग धरली, संगीत सुरू झालं, ठणठण करत निघालो. तो बिनआवाजाचा पाय आला, पुन्हा आला, आणि उम्म खलील हसायला लागल्या. साध्यासुध्या हसल्या नाहीत. डोक्यावरचा रुमाल घसरला, आईंच्या खांद्यावर डोकं टेकलं, डोळ्यांतून पाणी. आम्ही जागच्या जागी थांबलो. फायेझचा चेहरा पांढरा पडला.

"हा तर सालेहचा पाय!" त्या अरबीत म्हणाल्या. फायेझ एकेक वाक्य नाइलाजाने इंग्रजीत सांगत गेला.

सालेह म्हणजे त्यांचा काका. तरुण, देखणा, आवाज असा की डोंगरापलीकडे जावा. गावातल्या प्रत्येक लग्नात रांगेचा पुढारी तोच. एकदा खेचराने लाथ मारली आणि त्याचा डावा गुडघा कामातून गेला. पाय उचलता यायचा, आपटता यायचा नाही. पण दुसऱ्या कोणाला पुढे होऊ द्यायला गाव तयार नव्हतं. रांग तर पुढाऱ्याच्या पायावर चालते. आधी पोरांनी टर उडवायची म्हणून नक्कल केली, मग बायकांनी केली, मग सगळं गावच त्या ठोक्याला लंगडू लागलं. पुढे छावणीत जन्मलेल्यांना वाटलं, हीच आपल्या गावची रीत.

फायेझ खुर्चीत बसला. "म्हणजे मी तीस वर्षं लोकांना लंगडायला शिकवतोय?"

मला हसू आवरेना. स्वप्नालीलाही आवरेना. राजीवला आता सगळ्यांना नवा मेसेज पाठवावा लागणार होता. आईंना मी सांगितलं, तर त्यांचं तोंड जरा उतरलं. "असंल बाई," त्या म्हणाल्या. "पर काठाचं बी काय खोटं न्हाई."

पण फायेझ हसत नव्हता. "काढून टाकू तो पाय," तो उठून म्हणाला. "सगळे करतात तसं साधं करू. डोनलकडचे लोक नाचण्यात पक्के आहेत. पिढ्यान् पिढ्या लाकडी जमिनी बडवतायत. मुलीच्या सासरच्यांसमोर लंगडून दाखवू?"

तो काय म्हणतोय हे उम्म खलीलना भाषा न कळताच कळलं. त्यांनी हसणं थांबवलं आणि त्याला समोर बसवलं. हळू बोलल्या. फायेझने मान खाली घालूनच ते आम्हाला सांगितलं.

गाव सोडलं त्या दिवशी पोरं हरवू नयेत म्हणून मोठ्यांनी त्यांना एकमेकांचे हात धरायला लावले होते. पोरांची एक साखळीच चालली होती. उम्म खलील सात वर्षांच्या, साखळीत सगळ्यात शेवटी. त्यांचा एक हात पुढच्या बहिणीच्या हातात आणि दुसरा सालेहच्या. दिवसभर डोंगर चढून सालेहचा गुडघा सुजला. दुपार कलल्यावर तो खडकावर बसला, म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, आणि हात सोडला. त्यानंतर त्याचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. कबर नाही, निरोप नाही.

"त्याचा फोटो नाही," उम्म खलील फायेझला म्हणाल्या. "घर नाही, शेत नाही, झाडही नाही. एवढा एक पाय उरलाय. तो तू काढून टाकणार?"

मी आईंना हे मराठीत सांगायला लागले, सालेहने हात सोडला इथपर्यंत आले. त्यांना उरलेलं सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पिशवीतून खोबऱ्याची वडी काढून उम्म खलीलच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली.

फायेझ बुटांकडे बघत होता. मग त्याने टोपी कानांवर ओढली आणि ओरडला, "काय बघताय? मिरर!" आम्ही धावत जाऊन रांगेत उभे राहिलो. त्या तालमीला आम्ही जसे नाचलो तसे आधी कधी नाचलो नव्हतो.

लग्न ऑगस्टमध्ये, फर्गस नदीकाठच्या हॉटेलात. बाहेर आयर्लंडचा नेहमीचा बारीक पाऊस, आत कोरोफिनची सगळी पंचक्रोशी. नोरीन निळ्या ड्रेसमध्ये दारात उभी राहून आल्यागेल्याला मिठ्या मारत होती. कपडे काय घालायचे, हे मी फायेझला विचारलं होतं. "गावातले लोक कधी एकसारखे कपडे घालून लग्नाला येतात का?" तो म्हणाला होता. त्यामुळे आमच्या रांगेत नऊवारीखाली बूट घातलेली स्वप्नाली, कुर्त्यातला संग्राम, टायवाला प्लंबर, केरळची कसवू साडी, असा सगळा बाजार होता. इतकी विचित्र वरात क्लेअरने पाहिली नसेल.

दार उघडलं. सनई आणि पुंगीच्या मधला कसलासा सूर स्पीकरवर सुरू झाला, डोनलच्या भावाने त्यावर बोधरान, म्हणजे आयरिश डफ, वाजवायला घेतलं, आणि फायेझ हातातली जपाची माळ पुढाऱ्यासारखी गरगर फिरवत आत शिरला. त्याच्या हातात रीमाचा हात, पांढरा झगा आणि खाली काळे शाळेचे बूट. तिच्या मागे आम्ही. लाकडी जमिनीवर पहिला ठोका पडला आणि टेबलावरचे ग्लास किणकिणले. मी आनंदाने ओरडत होते एवढं आठवतं.

अर्धी फेरी झाल्यावर फायेझने माळ रीमाच्या हातात दिली. डीजे बोलवू म्हणणारी ती पोरगी जेमतेम दोन तालमींना आली होती. पण तिने ती माळ अशी फिरवली आणि डावा पाय असा उचलून अलगद ठेवला की फायेझ रांगेतून बाहेर पडून नुसता बघत उभा राहिला. रांग त्याच्याशिवाय पुढे गेली.

आता कोरोफिनवाले कुठे बसायचे? डोनलची मावशी उठली, काका उठले, सगळे रांगेच्या शेपटाला लागले. पक्के नाचणारे लोक, ठोके लगेच उचलले. फक्त तो रिकामा ठोका आला की तेही पाय आपटायचे. एकदा आपटला, दोनदा आपटला. मुक्ता मागे वळून ओरडली, "नॉट दॅट वन! दॅट वन्स सालेह्स!" आणि तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी पाय उचलला, आणि एवढा मोठा हॉल त्या एका ठोक्याला गप्प झाला. पुढच्या ठोक्याला परत धडाड.

तेव्हा मी उम्म खलीलना उठताना पाहिलं. गुडघे धरून, खुर्चीला टेकत त्या उठल्या आणि डोनलच्या काकांच्या मागे, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन लागल्या. एक हात काकांच्या हातात. दुसरा हात त्यांनी मागे लांब केला होता, पंजा उघडा. त्या समोर बघत नाचत होत्या आणि हात तसाच मागे. फायेझने पाहिलं, मी पाहिलं. आम्ही दोघंही तिकडे गेलो नाही, कारण तो हात कोणासाठी आहे हे आम्हाला माहीत होतं आणि तो धरायची आमची छाती नव्हती.

आई उठल्या. उन्हाळाभर खुर्ची न सोडलेल्या माझ्या सासूबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला, पांढऱ्या बुटांनी तरातरा हॉल ओलांडला आणि तो हात धरला. उम्म खलील दचकून मागे वळल्या. बघत राहिल्या. मग त्यांनी आईंचा हात घट्ट आवळला आणि दोघी म्हाताऱ्या त्या ठोक्याला बरोबर लंगडल्या.

घरी येताना गाडीत मी आईंना विचारलं, "आई, तुम्ही नाचणार नव्हता ना? मग एकदम कशा उठलात?"

"म्हातारीचा हात मोकळा व्हता," त्या म्हणाल्या. "धरला. त्यात काय इचारायचं?"